तुरेवाले, दिलीपवाले आणि इतर गोत्रं

आमच्या आजोबांना कुणी आडनाव विचारलं की ते आडनाव सांगत आणि त्याच दमात पुढे जोडत, “तुरेवाले.” विचारणारा बुचकळ्यात पडायचा. भिवंडीत नव्या माणसाला गाव विचारत, जात विचारत, कुठल्या गिरणीतून आलास ते विचारत. हा तुरा कुठल्या खात्यात मांडायचा ते कुणाला कळत नसे. आजोबांना त्याची फिकीर नव्हती. समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते बघत. नाहीच उमटलं तर त्या माणसातला त्यांचा रस तिथेच संपे.

ते मूळचे खेड तालुक्यातले कुणबी. पोरवयात मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत चिकटले. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या थंड पडल्या तरी कापड लागतच होतं. ते भिवंडीच्या यंत्रमागांवर आणखी जोरात विणलं जाऊ लागलं. आजोबांसारखे कितीतरी जण कापडाच्या मागोमाग इकडे आले. गिरणीत ते जॉबर होते, इथेही जॉबरच राहिले. फक्त गिरणीच्या भोंग्याऐवजी शेठच्या मर्जीवर पाळी सुटायची.

या शहराची एक खोड आहे. आल्या आल्या ते माणसाला नाव चिकटवतं. देशावरून आलेला तो घाटी, उत्तरेकडून आलेला भैया, तेलंगणातून आलेला कामाठी. त्यात माया कमी आणि सोय जास्त. कोकणातल्या कुणब्यांना तर असं नाव मुंबईतच मिळालं होतं. घरगडी म्हणून राबायला आलेली ही पोरं कानात बाळी घालत, म्हणून शेठाणींनी त्यांना ‘बाल्या’ म्हणायला सुरुवात केली. मग गणपतीत ही पोरं पायात चाळ बांधून फेर धरायची त्या नाचाचं नावही ‘बाल्या नाच’ पडलं. गावाकडे त्याला जाखडी म्हणत आणि अजूनही म्हणतात. पण मुंबईत बाल्या हे हिणवायचं नाव त्यांनी बिनदिक्कत आपल्या नाचाच्या पाटीवर चढवलं. आजोबांना मात्र ते आवडत नसे. “बाल्या हे मालकिणीनं ठेवलेलं नाव,” ते म्हणत, “तुरेवाले हे आम्ही ठेवलेलं.”

ही तुऱ्याची भानगड थोडी समजावून सांगायला हवी, कारण शहरातल्या मराठी माणसालाही ती आता माहीत नसते. शाहिरीत दोन पक्ष, कलगी आणि तुरा. तुरेवाले शिवाला मोठा मानणार, कलगीवाले शक्तीला. पुरुष थोर की प्रकृती, ब्रह्म आधी की माया, यावर रात्र रात्र सवाल-जवाब. पेशवाईच्या उत्तरार्धात शाहिरीला बहर आला तेव्हा हे दोन पक्ष मराठी मुलखात जोरात होते. मध्य प्रदेशात निमाडात आणि राजस्थानात चित्तोडकडेही हाच झगडा थोड्या वेगळ्या वेषात चालतो. याची जी कथा सगळीकडे सांगतात ती अशी: तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर, दोघे गाता गाता वाद घालत. चंदेरीच्या राजापुढे त्यांचा सामना झाला. कोण जिंकला ते राजाला ठरवता येईना. त्याने आपल्या शिरपेचातला तुरा काढून गोसाव्याला दिला आणि कलगी फकिराला. दंतकथाच आहे, तिला सनावळी चिकटवण्यात अर्थ नाही. पण गोसावी आणि फकीर एकमेकांशिवाय गाऊच शकत नव्हते, ही गोष्ट आजोबा भिवंडीत जरा जास्तच रंगवून सांगत, असं मला आता वाटतं.

कोकणात कलगीवाल्यांना शक्तीवाले म्हणतात आणि खेळाला शक्ती-तुरा. मधे बुवा, मृदंग, टाळ आणि मागे कोरस, भोवती पोरांचा फेर. आधी गण, मग गवळण, मग एकमेकांना चिमटे आणि मग सवाल. सवाल पुराणातला हवा आणि समोरच्याला न सुटणारा हवा. न सुटला तर शक्तीवाले तोंडावर हसणार, आणि हे हसू वर्षभर गावात ऐकू येणार. पूर्वी हरलेल्या शाहिराला डफ खाली ठेवावा लागे, असं आजोबा सांगत. त्यांच्या हयातीत कुणी ठेवलेला मी तरी ऐकला नाही. गिरणगावात चाकरमान्यांनी हा सगळा थाट उचलून परळच्या दामोदर नाट्यगृहात आणि गिरगावात साहित्य संघात आणला. आजही त्या बाऱ्यांचे, म्हणजे सामन्यांचे, फलक बघा. डावीकडे फेटा बांधलेला एक शाहीर, उजवीकडे फेटा बांधलेला दुसरा, दोघांच्या मधे वीज कडाडताना काढलेली, एकाच्या डोक्यावर ‘शक्तीवाले’ आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ‘तुरेवाले’. खाली गाव, वाडी, तालुका इतक्या बारकाईने की पोस्टमनला पत्ता शोधावा लागू नये. कुस्तीच्या फलकावर पैलवानाचं वजन देतात, इथे गुरूचं घराणं देतात.

यात गाणारा तुरेवाला असतो हे समजू शकतं. आजोबा गात नव्हते. त्यांना सूर नव्हता आणि नाच तर त्याहून नव्हता. ते ऐकणारे तुरेवाले होते. आणि शक्ती-तुऱ्यात सगळी मजा तिथेच आहे. ऐकायला बसणारा माणूस नुसता प्रेक्षक राहत नाही, तो एका बाजूला बसतो, त्या बाजूचं नाव लावतो आणि ते नाव घेऊनच घरी जातो. पुढच्या पिढीला ते वारशाने मिळतं, जमीन मिळो न मिळो.

आजी शक्तीवाल्यांच्या घरातली. हे लग्न ठरलं कसं, याच्या आमच्या घरात दोन आवृत्त्या आहेत. आजोबांची आवृत्ती अशी की मुलीकडच्यांनी ही गोष्ट लपवली. आजीची अशी की लपवायचं कशाला, आख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं आणि म्हणूनच तर आजोबांच्या घरच्यांनी मागणी घातली. शक्तीवाल्यांची पोर घरात आणली म्हणजे सवालच जिंकला की! लग्नात वरातीपुढे दोन्हीकडच्या बुवांनी एकमेकांना सवाल टाकले आणि मुहूर्त टळायची पाळी आली. तेव्हा भटजी म्हणाले, शिव थोर की शक्ती हे नंतर ठरवा, आत्ता दोघांना पाटावर उभं करा. घरात पुढे पन्नास वर्षं आजोबांनी चहात साखर कमी म्हटली की आजी म्हणायची, “तुऱ्याला गोड किती लागतं!” आजीचे भाऊ, म्हणजे बाबांचे मामा, गणपतीला भिवंडीत आले की आजोबा त्यांना दारातच सवाल घालत. उत्तर दिल्याशिवाय चप्पल काढू देत नसत. मामाही सवालाचा जवाब सवालानेच देत, आणि मी लहानपणी बराच काळ समजत होतो की पाहुणे घरात घ्यायची सगळीकडे हीच रीत असते.

कारखान्यात मात्र हे नाव तोंडाने सांगायची सोय नव्हती. साध्या मागाचा आवाज ज्याने ऐकलेला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. धोटा इकडून तिकडे आपटतो, असे वीस-तीस माग एका पत्र्याच्या शेडखाली, आणि शेजारी तसंच दुसरं शेड. तिथे माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. कांडी संपली, तार तुटली, शेठ येतोय, चहा आला, प्रत्येकाला खूण. तशी माणसालाही खूण. आजोबांना हाक मारायची तर लोक तर्जनी कपाळावर उभी धरून हलवत. तुरा! ज्यांना शिव-शक्ती कशाशी खातात ते माहीत नव्हतं, त्या मऊ आणि आझमगढच्या विणकरांनीही ही खूण उचलली होती.

बाबा दहावीनंतर त्याच कारखान्यात कांडी भरायला जाऊ लागले. त्यांनी तिथल्या आणखी खुणा सांगितल्या. एका चाचांची खूण होती कपाळावरची बट बोटाने मागे सारणं. ते दिलीपवाले. त्यांच्या समोरच्या रांगेत एक होते ते मान तिरकी करून हात लुळे सोडत. ते देववाले. तिसरे विजार घोट्याच्या वर ओढून दाखवत, ते अर्थातच राजवाले. हे सगळे पन्नास-साठच्या दशकातले चाहते. ऐंशीच्या दशकात त्यांचे केस पांढरे झाले होते आणि पडद्यावर अमिताभ येऊन जुना झाला होता. तरी नाव बदललं नव्हतं. तरुण पोरं स्वतःला काय म्हणवायची ते बाबा सांगत नाहीत. पण त्या काळातल्या एका फोटोत त्यांचे कान केसांनी पूर्ण झाकलेले आहेत, तेवढा पुरावा मला पुरे आहे.

त्या दिलीपवाल्या चाचांचा आणखी एक गोतावळा होता, तो रेडिओचा. त्याची मुळं दिल्लीत आहेत. १९५२मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. सिनेमाची गाणी त्यांना थिल्लर वाटत आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. जे केसकरांनी दारातून हाकललं ते समुद्रावरून खिडकीतून आत आलं. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ला, सरकारला विविध भारती काढावी लागली. पण तोवर बुधवारची रात्र सिलोनची झाली होती.

गीतमालेत कुठलं गाणं कुठल्या पायरीवर हे रेकॉर्डच्या खपावरून ठरे, तसं श्रोत्यांच्या कौलावरूनही ठरे. म्हणून देशभर श्रोता संघ निघाले. अभ्रकाच्या खाणींचं झुमरी तिलैया फर्माइशींमुळे गाजलं ते सगळ्यांना माहीत आहे. चाचा सांगत की आमच्याकडे मोहल्ल्यागणिक एक संघ होता. संघ काढायला काय लागायचं? एक रेडिओवाला हॉटेलमालक, पोस्टकार्डांचा गठ्ठा आणि रबरी शिक्का. शिक्का सगळ्यात महत्त्वाचा. गावाचं नाव, संघाचं नाव, अध्यक्ष, सचिव, सगळं एका वाटोळ्यात. चाचा ज्या संघात होते त्याचा शिक्का त्यांनी जपून ठेवला होता. शाईत बुडवून त्यांनी तो एकदा माझ्या वहीवर उमटवला. अक्षरं झिजली होती, ‘श्रोता’मधला ‘श्रो’ तेवढा वाचता आला. पत्रावर फर्माइश करणाऱ्यांची नावं जितकी जास्त तितकं पत्र वजनदार. म्हणून आधी घरातल्या सगळ्यांची नावं, मग शेजाऱ्यांची, मग बिशीत, म्हणजे खानावळीत, जेवणाऱ्यांची. एका वर्षी पलीकडच्या मोहल्ल्यातल्या संघाने आपली यादी फारच लांबवली. तेव्हा चाचांच्या संघाने बकरीला सदस्य करून घेतलं. बकरीचं नाव सिलोनवरून वाचलं गेलं, असा चाचांचा दावा. त्या रात्री हॉटेलात मालकाने सगळ्यांना चहा फुकट पाजला, आणि पलीकडच्या संघाचा अध्यक्ष मुबारकबाद द्यायला आला, बकरीसाठी पाला घेऊन.

मी चाचांना एकदा विचारलं, पलीकडचा संघ नसता तर? ते म्हणाले, “फिर खत कौन लिखता?”

मला या सगळ्या नावांचं मर्म त्या एका वाक्यात दिसतं. चाहता एकटा असेल तर त्याला नाव लागत नाही. तो गाणं ऐकतो, सिनेमा बघतो, घरी जातो. नाव लागतं ते समोर दुसरा गोट उभा राहिला की. तुरेवाल्याला शक्तीवाला हवा, दिलीपवाल्याला राजवाला. नायकावर प्रेम असतंच, पण नाव टिकतं ते समोरच्या बाकावरच्या माणसामुळे. त्याला चिडवायला, हरवायला आणि त्याच्यासमोर नाक वर करायला. आमचे मराठीचे सर यावर आपल्या वडिलांकडून ऐकलेलं एक उदाहरण देत. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या एरवीच्या प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर. नाटकाचे इतिहासकार हा प्रयोग एकोप्याचा सोहळा म्हणून सांगतात, आणि तो होताच. पण सरांच्या वडिलांना आठवत होतं ते निराळं. थिएटरात गंधर्ववाले आणि भोसलेवाले वेगवेगळे ओळखू येत होते आणि जो तो आपल्या माणसाला किती वन्समोअर मिळाले ते बोटांवर मोजत होता. मंचावर मिलाफ, खाली हिशोब. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. सर सांगत की वडील पक्के गंधर्ववाले, पण ती बातमी आली त्या दिवशी जेवले नाहीत. आता तान कुणाच्या तानेशी ताडून बघायची, असं म्हणत बसले होते.

असे गोट आमच्या पद्मानगरातही होते. पद्मानगर हे भिवंडीतलं तेलंगण. करीमनगर, वरंगळकडचे पद्मशाली विणकर तिथे पिढ्यानपिढ्या राहतात, जसे सोलापुरात राहतात. बाबांचे तिथले एक मित्र होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलत आणि मोजणी तेलुगूत करत. तेलुगू मुलखात नटांचे चाहते संघ साठच्या दशकापासून रीतसर चालतात. पदाधिकारी असतात, सिनेमा लागला की कमानी आणि हार. एन. टी. रामाराव यांनी २९ मार्च १९८२ला पक्ष काढला आणि पुढच्या जानेवारीत ते मुख्यमंत्री झाले, त्यात या संघांचा हात मोठा होता. अण्णा तेव्हा विशीत. रामारावांचे चाहते म्हणून मिरवणारे त्यांचे वडील रातोरात एका सत्ताधारी पक्षाचे माणूस झाले, तेही भिवंडीत बसून, जिथे त्या पक्षाला मत देण्याची सोय नव्हती! अण्णा स्वतः चिरंजीवीचे. १९८८च्या ‘मरण मृदंगम्’पासून चिरंजीवीच्या नावाआधी ‘मेगास्टार’ लागलं. त्याआधी तो ‘सुप्रीम हीरो’ होता. अण्णांनी आपल्या टेम्पोवरची पाटी त्याप्रमाणे पुन्हा रंगवून घेतली. पेंटर उर्दू आणि मराठी लिहिणारा. त्याला तेलुगू अक्षरांची वळणं ठाऊक नव्हती, म्हणून अण्णांनी खडूने आधी काढून दिली आणि तो वरून ब्रश फिरवत गेला. एक अक्षर उलटं आलं. ते दुरुस्त करायला अण्णांनी नकार दिला, कारण प्रतिस्पर्धी नट बालकृष्णाच्या चाहत्यांनी ते पाहून हसून घेतलं होतं. आता बदललं तर ती हार झाली असती.

या शहरात मे १९७०मध्ये आणि मे १९८४मध्ये दंगली झाल्या. त्या दिवसांबद्दल आजोबा बोलत नसत, चाचाही नाही. १९८४ची एवढीच गोष्ट बाबांकडून कळली: आठ-दहा दिवसांनी कारखाना उघडला तेव्हा माग सुरू व्हायच्या आधी चाचांनी शेडच्या पलीकडून कपाळावर तर्जनी उभी धरली, आणि आजोबांनी बट मागे सारली. आजोबांच्या डोक्यावर तेव्हा केस नव्हते. त्या दिवसांत शहराने माणसांना जी नावं लावली होती ती कुणी निवडलेली नव्हती.

बाहेरच्या जगातही चाहत्यांची नावं बरीचशी याच वाटेने आलेली दिसतात. १९९४-९५च्या ॲशेस मालिकेत इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात मार खात होता आणि त्याचे पाठीराखे तरीही उन्हात दिवसभर गात होते. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना ‘बार्मी आर्मी’ म्हटलं, म्हणजे येड्यांची फौज. त्यांनी ते नाव छातीवर छापलं आणि कायद्याने आपल्या नावावर करून घेतलं. बाल्यांनी तेच केलं होतं, फक्त वकील न लावता. भारताच्या पाठीराख्यांची ‘भारत आर्मी’ १९९९च्या इंग्लंडमधल्या विश्वचषकात उभी राहिली. वानखेडेवर नॉर्थ स्टँड गँग आहे, आणि मुंबई इंडियन्सचे चाहते ‘पलटन’. पलटन हे नाव बरं आहे, पण ते वरून आलेलं वाटतं, छापील टीशर्टसोबत. नॉर्थ स्टँडवाल्यांचं नाव बसायच्या जागेवरून पडलं, म्हणून त्याला घामाचा वास आहे. मालेगावात, आमच्यासारख्याच मागांच्या गावात, नोव्हेंबर २०२३मध्ये सलमानच्या ‘टायगर ३’ला चाहत्यांनी मोहन सिनेमाच्या आत फटाके फोडले. पोलीस आले. चाचा असते तर म्हणाले असते, समोर शाहरुखवाले बसवा, फटाक्यांची गरज पडणार नाही. मला ते पटलं नसतं, पण ते म्हणाले मात्र असते.

माझी भाची कोरियन पोरांच्या एका गाण्याच्या चमूची चाहती आहे. बीटीएस म्हणतात त्यांना. २०१३पासून त्या चाहत्यांचं नाव ‘आर्मी’. तिने एकदा आजीला सांगितलं, “पणजी, मी आर्मी आहे.” आजी नव्वदीच्या पुढची, तिने आधी भाचीचे दंड चाचपून बघितले. मग सगळा खुलासा झाला. आजीने नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “समोर कोण?” भाचीने सांगितलं की वर्गातली एक मैत्रीण ‘ब्लिंक’ आहे, म्हणजे त्याच देशातल्या मुलींच्या एका चमूची चाहती, आणि दोघींचं मधल्या सुट्टीत रोज वाजतं. आजीचं समाधान झालं. “मुलींच्या बाजूनं आहे ना, ती शक्तीवाली,” ती म्हणाली, “तू तुऱ्यात गेलीस. रक्त कुठं जाईल!” भाचीला यातलं अवाक्षर कळलं नाही. आजीने मात्र तेव्हापासून त्या ब्लिंक मुलीसाठी वेगळा लाडू काढून ठेवायला सुरुवात केली आहे.

आता भिवंडीत माग कमी होत चालले आहेत आणि माणकोली, काल्हेर, काशेळीकडे जिकडे बघावं तिकडे गोदामं. तिथल्या आगरी गावांतून जे नवं गोत्र निघालं आहे ते बैलांचं. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ला बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ला अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ला राज्याचा कायदा घटनापीठाने उचलून धरला. मधली सात-साडेसात वर्षं शर्यत नव्हती, पण शर्यतप्रेमी होते. बैल गोठ्यात उभा आणि त्याच्या नावाचा टीशर्ट रस्त्यावर फिरतोय, असा प्रकार. हे लोक स्वतःला नादखुळे म्हणवतात. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मारामारी झाली असती. आमच्या पट्ट्यात बिनजोडीचं वेड आहे. दोनच छकडे, समोरासमोर, कोण पुढे एवढाच प्रश्न. त्यामुळे गोट पडायला वेळ लागत नाही. कल्याणचा मथुर आणि पुण्याकडचा बकासुर ही नावं आमच्या गल्लीतल्या पोराटोरांना पाठ आहेत. रिक्षाच्या मागच्या काचेवर पूर्वी नटीचा फोटो असे. आता शिंगं रंगवलेला, झूल घातलेला बैल असतो आणि खाली कुणाचे ‘प्रेमी’ ते लिहिलेलं.

माझा आतेभाऊ मथुरवाला. आजोबांचा नातू असल्याने त्याने संघटना काढलीच. टीशर्ट छापायची वेळ आली तेव्हा पाठीवर नुसतं ‘मथुरप्रेमी’ लिहायचं की ‘मथुरप्रेमी संघटना’, यावर भांडण झालं. त्याचं म्हणणं, संघटना लिहिलं की वर्गणी द्यावी लागते, लोक पळतात. दुसऱ्यांचं म्हणणं, नुसतं प्रेमी लिहिलं तर ते कॉलेजच्या पोरांसारखं वाटतं. दोन महिने वाद चालला, प्रकरण तंट्यापर्यंत आलं आणि अखेर फूट पडली. एकाच बैलाचे, एकाच गल्लीतले दोन गट झाले. एकाचे टीशर्ट पिवळे, दुसऱ्याचे गुलालाच्या रंगाचे. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, चांगलं झालं, नाहीतर बकासुरवाले लांब राहतात, रोज भांडणार कुणाशी? शर्यतीला मात्र दोन्ही गट अजून एकाच टेम्पोतून जातात. येताना हरलेले असोत की जिंकलेले, पिवळे पुढे बसतात की गुलाबी यावर अंजूर फाट्यापर्यंत बाचाबाची चालते, आणि भाडं निम्मं-निम्मं.